मार्चच्या आठ गाड्या

राखोलीच्या प्लास्टिक खुर्च्यांच्या कारखान्यात वाल्मिक डिस्पॅच क्लार्क होता. शिरपूरकडचा गडी, अकरावी नापास. पण कुठली गाडी कधी गेटबाहेर गेली, ते रजिस्टर न उघडता सांगायचा. म्हणून तर चौऱ्याण्णवच्या एप्रिलात पुण्याहून श्रीधरसर विक्रीचा अंदाज बांधायला शिकवायला आले, तेव्हा शेटनी टायवाल्यांच्या रांगेत त्यालाही बसवलं. बसला बिचारा, झिजलेल्या चपला बाकाखाली सारून.

शिकवणी तीन दिवसांची आणि तशी सोपी होती. मागच्या तीन महिन्यांची विक्री मांडा, सरासरी काढा, लग्नसराई बघून थोडं वरखाली करा. दुसऱ्या दिवशी मात्र सर बोलता बोलता म्हणाले, "गिऱ्हाइकानं नेली ती विक्री. नुसती गाडीत चढली, तो प्रवास." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. वाल्मिकला मात्र आपलं मार्च भरणं आठवलं.

आता मार्च भरणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगायलाच हवं. विक्रीचे साहेब आशिष, मुंबईचे. वर्षाचं टार्गेट कमी पडलं की मार्च संपता संपता ते गाड्या भरून माल भिवंडीच्या भाड्याच्या गोदामात धाडायचे आणि खुशाल विक्रीत धरायचे. शेटना पत्ता नाही. यंदा आठ गाड्या गेल्या, बारा हजार खुर्च्या! गेटपासवर सही कुणाची? वाल्मिकची. ड्रायव्हर हसत सांगायचे, माल जिथल्या तिथे पडलाय, वर उंदीर नाचतात.

तिसऱ्या दिवशी शेट स्वतः येऊन बसले. फळ्यावर आकडे होते: जानेवारी दहा हजार, फेब्रुवारी अकरा, मार्च चोवीस. सरासरी पंधरा.

"पंधरा हजार खपणार असतील तर दोन नंबर मशीनवरची पोरं कायम करतो," शेट म्हणाले. "कमी असेल तर ते मशीन बंद. बोला एकेक जण."

दोन नंबरवर भिका होता. वाल्मिकच्या बायकोचा, मंजुषाचा, सख्खा धाकटा भाऊ. वाल्मिकनंच त्याला गावाहून आणून चिकटवलेला. नरोलीत त्यानं गेल्याच आठवड्यात खोली घेतली होती आणि रविवारच्या एसटीनं त्याची नवी नवरी, रोशनी, यायची होती.

सगळे पंधरा म्हणाले. एक तर सोळा म्हणाला, शहाणा! मग नजरा वाल्मिककडे वळल्या. आशिषसाहेबांचं पेन फिरवणं थांबलं. अहो, पंधरा म्हणायला काय जातंय? भिका कायम, मंजुषा खूश, साहेब खूश. पण पावसाळ्यापर्यंत ढीग छताला टेकले, की दोन नंबरच काय, सगळा कारखानाच बसेल आणि दीडशे माणसं रस्त्यावर येतील.

"अकरा हजार, शेट."

"ते कसं?"

"मार्चच्या आठ गाड्या विकल्याच गेल्या नाहीत. माल भिवंडीला पडून आहे. गेटपासवर सही माझी आहे."

"खोटं बोलतोय हा!" आशिषसाहेब ताडकन उठले. शेटनी हात केला तसे खाली बसले. श्रीधरसरांनी फळ्यावरचे चोवीस पुसले, बारा लिहिले आणि सरासरी पुन्हा काढली. बरोबर अकरा आली.

"दोन नंबर उद्यापासून बंद," शेट म्हणाले आणि आशिषसाहेबांना घेऊन केबिनमध्ये गेले. वाल्मिकची नोकरी राहिली. त्याचं त्याला काडीचं सुख नव्हतं.

संध्याकाळी तो नरोलीला गेला. भिका खोलीला चुना मारत होता.

"या दाजी! आज परीक्षा होती ना? आकडा बरोबर आला का?"

"आला."

"किती सांगितला?"

"अकरा हजार."

भिकाचा हात थांबला. शाळा कमी झालेली, पण मशीन त्याला तोंडपाठ होतं.

"अकरा तर एकटं एक नंबरच काढतं," तो म्हणाला. "म्हणजे आमचं बंदच की, दाजी."

वाल्मिकनं मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. "हो रे," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

भिकानं कुंचला बादलीत ठेवला. तीन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, चौथी राहिली होती.

"रोशनीला निरोप धाडायला लागेल," तो म्हणाला. "रविवारी निघू नको म्हणून."