नमस्कार करून मारलेली किक
“अरे, मागे ये आणि किक मार!” मी असा ओरडलो की तळ्यावरचे रानहंस महिनाभर आधीच फ्लोरिडाला पळाले. अमेरिकेतल्या लंडन नावाच्या गावाजवळच्या चिमुकल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मी हेड कोच. ही मॅच हरलात तर घरी बसा, असं डीननं सकाळीच बजावलेलं. शेवटची किक, आणि नागपूरहून आलेला आमचा किकर चेंडूपर्यंत चालत गेला, वाकून त्याला हात लावला, मग तो हात छातीला! वेळ संपली, पंचांनी दंड म्हणून आम्हाला पाच यार्ड मागे ढकललं, किक गोलच्या खांबांच्या अलीकडेच पडली. लॉकर रूममध्ये माझ्या संतापानं बर्फाच्या पिशव्या वितळल्या. “गाढवा, नोकरी गेली माझी! नमस्कार कसला करत होतास?” ओल्या गवताच्या वासानं आजही माझं डोकं भणभणतं. बुटाची नाडी सोडत तो म्हणाला, “सर, पाय लागणार होता ना.”