ठिबकच्या नळीचे तुकडे

पुडीवरचा सडलेल्या तोंडाचा फोटो पाहून वडिलांनी तंबाखू सोडली. तेव्हापासून बिडी ओढणाऱ्या पाहुण्यालाही आई अंगणाबाहेर काढते. "आमच्या घरात क्यान्सर नका आनू, बापा," म्हणते.

आणि हीच आई रोज सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल कशानं पेटवते? ठिबकच्या जुन्या नळीनं! मालेगावकडच्या आमच्या गावात ही घरोघरची रीत आहे. शेतातली नळी फाटली की तिचे बोटभर तुकडे करायचे आणि डब्यात भरून चुलीजवळ ठेवायचे. तुराट्या कितीही ओल्या असोत, एका तुकड्यात जाळ धरतात. काळा, उग्र धूर निघतो. आई त्यात तोंड घालून फुंकते, खोकते, डोळे पुसते आणि पुन्हा फुंकते.

परवा माझं डोकंच सणकलं. मी डबा उचलला आणि ओरडलो, "माय, काहून जाळून राह्यली हे? प्लास्टिकचा धूर बिडीपेक्षा बरा हाय का?"

"मंग नळीवर फोटो काहून नाई छापत?" तिनं विचारलं.

मी आणखीच भडकलो. नळी विकताना दुकानदारानं पाणी किती वाचेल ते तासभर सांगितलं होतं. फाटल्यावर तिचं काय करायचं, यावर अवाक्षर नाही! त्याला मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो.

आईनं माझ्या हातातला डबा काढून घेतला.

"त्याले काहून शिव्या देतं? हे तुकडे तं तूच कापून दिले मले."