आधी पुडी

"आधी पुडी."

उजव्या हातातलं अंडं पाठीमागे लपवलेलं, डावा हात पुढे, आणि त्या तळव्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पुडी. देगलूरच्या मोंढ्यामागे, धान्यबाजाराच्या पाठीला, देशी दारूच्या दुकानासमोर ती उकडलेली अंडी विकायची. पुडी तोंडात गेल्याशिवाय अंडं पुढे येत नसे. मग गिऱ्हाईक हमाल असो की पेन्शनर.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. पाहिल्या म्हणजे काय, नाक मुरडून पुढे गेला असाल. मीही तेच करायचो. सरकारी दवाखान्यातून टीबीच्या पेशंटांना गोळ्या पोचवणं हे माझं काम. माझ्या यादीतले चौघं सकाळी घरी कधीच सापडत नसत. सापडायचे ते त्या दुकानाच्या बंद शटरसमोर, थरथरत्या बोटांत विडी धरून. त्यांच्यामागे हिंडून मी पार मेटाकुटीला आलो होतो. एकदा डोकं फिरलं आणि भर रस्त्यात एका हमालावर ओरडलो, "टीबी तुला झालाय की मला? गोळ्या काय मी खाऊ?"

हमाल मान खाली घालून उठून गेला. त्याच्या शेजारी बसलेले दोघं झटकन लांब सरकले. अंडेवाली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, औषध द्यायला आलाव का दवंडी पिटायला?"

तिला सगळे अक्का म्हणत. त्या दिवसापासून मीही म्हणू लागलो.

अक्काचा नवरा ह्याच आजाराने गेला होता. "गोळ्या होत्या की घरात," ती सांगायची. "पर डबा शेजारनीला दिसला. दुसऱ्या दिशी तिनं आमच्यासाठी फुटका कप येगळा काढून ठेवला. त्या दिशी ह्यानं सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. बिमारीनं न्हाई वो, लाजंनं मेला मानूस."

म्हणून तिने युक्ती काढली. अंडं मागायला येईल त्याला आधी पुडी. बहुतेक पुड्यांत ओवा आणि काळं मीठ. माझ्या चौघांच्या पुड्यांत ओव्याबरोबर त्या दिवशीच्या गोळ्या. सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकायची, वर तांब्याभर पाणी प्यायचं. कोण आजारी आणि कोण नुसता पिणारा, हे शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही. नंतर ती प्रत्येकाला म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर." पेन्शनर गुरुजीसुद्धा निमूटपणे जीभ वर करायचे.

तिला वाचता येत नव्हतं. पण आमचं गाव पडलं सीमेवरचं, रद्दीत तीन भाषांचे पेपर येतात. ओव्याला मराठी कागद, गोळ्यांना तेलुगू. "वर रेघ आसली की ओवा, गोल गोल आसलं की गोळी," असा तिचा हिशेब.

नियम तिचा नव्हे, आमचा मोडत होता. गोळी पाकिटातून पेशंटसमोरच काढायची असते. मी तिला तोंडी हो म्हटलं, चौघांच्या गोळ्यांचा डबा दिला आणि कागदावर कुठेच लिहिलं नाही. सरकारी माणूस आहे मी, तेवढी अक्कल असते आम्हाला.

"अक्का, ह्या गोळ्यांवर दारू म्हणजे लिव्हरची वाट," मी एकदा म्हणालो.

"ते तुमी सांगा त्यास्नी. मी सांगत बसले तर उद्यापासून येनारच न्हाईत. आले तर गोळी तरी पोटात जाईल."

सांगता सांगता तिने माझ्याही हातावर एक पुडी ठेवली.

"मला कशाला? मी कुठे पितो?"

"म्हनून काय झालं? समदे घेतेत, तुमी एकलेच तसेच उभं. येगळे दिसता की."

मी पुडी खिशात घातली आणि वळणावर फेकून दिली. रोजच फेकायचो. ओव्याचा वास मला आवडत नाही.

ज्याच्यावर मी ओरडलो होतो त्या हमालाला ती अर्धेवाला म्हणायची. तो अर्धं अंडं खायचा आणि अर्धं लेकीसाठी कागदात बांधून घ्यायचा. "पुरं गीळ रं मुडद्या, लेकीला दुसरं देते," अशी रोज बोलणी खायचा, पण सवय सुटली नाही. सहा महिन्यांच्या उपचारातले चार त्याने अक्काच्या हातून पार पाडले. खोकला थांबला होता, पुन्हा पोती उचलू लागला होता. उरले होते दोन महिने. हेच दोन महिने वाईट असतात. बरं वाटतं म्हणून माणूस गोळ्या सोडतो, आणि आजार उलटला की साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

अशातच एके दिवशी दुपारी गुरुजी दवाखान्यात धावत आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढराफटक.

"रक्त! लघवीतून रक्त!"

"लाल की नारिंगी?" मी विचारलं.

"मरायला टेकलोय मी, रंग काय बघत बसू?"

टीबीच्या गोळीने लघवी नारिंगी होते, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. "गुरुजी, सकाळी पुडी घेतलीत?"

"घेतली. चष्मा घरी राहिला होता. ओवा आज जरा जाडच लागला."

मला हसू फुटलं. शेजारच्या खुर्चीतले डॉक्टर मात्र हसत नव्हते.

झालं होतं असं, की अक्काची मराठी रद्दी संपली आणि रद्दीवाल्याने तिला कानडी पेपरांचा गठ्ठा दिला. त्या दिवशी टोपलीत सगळंच गोल गोल! गुरुजींना काही अपाय झाला नाही, दुसऱ्या दिवशी रंग उतरला. पण डॉक्टरांनी अक्काला बोलावून घेतलं. मी तिथेच उभा होतो.

"पुड्या बांधायला कुणी सांगितलं तुला? परवानगी कुणाची?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये पाहिलं. नोकरी जाईल, निदान बदली तरी, एवढंच डोक्यात होतं.

"कोन सांगनार?" ती म्हणाली. "माझंच डोकं."

रोज इतक्या लोकांची तोंडं उघडणारी बाई समोर उभी होती आणि माझं तोंड उघडलं नाही. त्याची आजही शरम वाटते.

गोळ्यांचा डबा मीच तिच्याकडून परत आणला. आता चौघांनी रोज दवाखान्यात येऊन गोळी घ्यायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अर्धेवाल्याच्या घरी गेलो. लेक दारात आली, म्हणाली, बाबा नाहीत. बाबांच्या चपला उंबऱ्याजवळच होत्या. दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहणं म्हणजे पुन्हा दवंडीच की. तसाच परत फिरलो आणि अक्काला जाऊन सांगितलं. ती टोपलीतली अंडी नीट लावत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला दवाखान्याच्या फाटकातून अक्का आत आली. डोक्यावर अंड्यांची टोपली, एका हातात अर्धेवाल्याचं मनगट. चोराला आणावं तसं घट्ट धरलं होतं तिने. तिच्यामागे माझे उरलेले तिघं. आणि त्यांच्यामागे, अहो, अख्खं दुकान! रिक्षावाले, हमाल, न्हावी, आणि धोतर सावरत गुरुजी. भर बाजारातून ही रांग आली होती. चौदा जण होते.

डॉक्टर व्हरांड्यात आले. "यातले पेशंट किती?"

"चार," मी म्हणालो.

"आणि बाकीचे?"

गुरुजी पुढे झाले. ताठ उभं राहायचा प्रयत्न करत होते बिचारे, सकाळची वेळ, हात कापत होते. "ते तुमच्या रजिस्टरात बघा, डॉक्टर. रस्त्यावर आम्ही सगळे सारखे."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "साहेब, पुड्यांना परवानगी मी दिली होती. तोंडी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "उद्या केबिनमध्ये ये," म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. नोकरी राहिली. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "कामून सांगितलं वो? माझं काय वाकडं करनार होते ते?"

ती रांग दोन महिने रोज आली. खिडकीतून चौघांना गोळ्या. चौथ्या दिवसापासून नर्सबाईंनी आपणहून ओव्याची बरणी ठेवली, बाकीच्यांसाठी. बाहेर निंबाखाली अक्का अंडी घेऊन बसलेली. "तोंड उघड. जीभ वर." आता हे नर्सबाईही म्हणू लागल्या. दारू सुटली म्हणाल तर फक्त गुरुजींची, तीही चार महिनेच. पण अर्धेवाला बरा झाला. शेवटच्या गोळीच्या दिवशी अक्काने त्याला समोर बसवून अख्खं अंडं खायला लावलं आणि लेकीसाठी दुसरं दिलं.

मागच्या उन्हाळ्यात अक्काच्या अंगावरून वारं गेलं. दोनच दिवस अंथरुणावर होती. मी मुखेडला कामाला गेलो होतो, परत आलो तोवर सगळं उरकलं होतं.

परवा कामासाठी मोंढ्यामागे गेलो. शटर बंद होतं, समोर चार-सहा जण उकिडवे बसलेले. अक्काच्या जागी अर्धेवाला टोपली घेऊन बसला होता. मी गाडी लावून उभा राहिलो. त्याने एकेकाच्या हातावर पुडी ठेवली. सगळ्यांना दिली. माझ्यापाशी येऊन थांबला. माझी सवय त्याला माहीत होती, म्हणून मला न देताच पुढे सरकला.

"ए," मी म्हणालो आणि हात पुढे केला. "मला?"

त्याने पुडी दिली. मराठी कागद होता, वर रेघ. मी सगळा ओवा तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायलो. अर्धेवाला समोरून हलला नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तोंड उघडून जीभ वर केली.