सुखदेव मिस्त्री आणि दादाची लाल गाडी

सकाळी आठच्या सुमारास वर्षाचा फोन आला. वर्षा ही सुखदेव मिस्त्रीची मुलगी. तिचं नाव दिसताच माझ्या मनात आलं की आता ही गाडीबद्दल काहीतरी बोलणार, बापाने दोन वर्षं त्या गाडीपायी घालवली म्हणून हक्क सांगणार. "काका, बाबा गेले…" एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेला होता. मी चप्पल घालून त्याच्या गावी, कारध्याला निघालो आणि वाटेत माझी मलाच लाज वाटली. ज्या माणसावर मी अठ्ठावीस वर्षं संशय घेतला, त्याच्या मरणाच्या बातमीलाही मी संशयानेच सामोरा गेलो होतो. आता दीड महिना झाला. लिहावं की नाही, असं करत राहिलो. पण त्याच्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं होतं, तेव्हा हेही चारचौघांतच सांगितलं पाहिजे.

ती गाडी माझ्या मोठ्या भावाची, दादाची. दोन सीटची, कापडी टपाची, विलायती बनावटीची लाल स्पोर्ट्स कार. तुमसरकडच्या मॅंगनीज खाणीतला एक साहेब बदली होऊन जाताना त्याने ती विकली आणि आमच्या दादाने घेतली. करडीतलं आमचं घर धान पिकवणारं, घरची राइस मिल. त्या धानाच्या बांध्यांमधून ती बुटकी गाडी निघाली की रोवणीच्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. तिला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती, सुखदेवला. तो कारध्याचा, वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या घरातला. नदी सोडून पोरगा पान्यांच्या नादी लागला म्हणून त्याचा बाप कुरकुरायचा. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर त्याने टिनाचं गॅरेज टाकलं होतं.

एका दुपारी भंडाऱ्याहून परत येताना कारध्याच्या अलीकडच्या वळणावर दादाची गाडी बाभळीवर गेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दादा गेला. तो शुद्धीवर आलाच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक विचारत होते, कसं झालं? आणि मी म्हणालो, "कालच सुखदेवने ब्रेकचं काम केलं होतं." हे खरं होतं. एवढंच मी बोललो, बाकीचं लोकांनी पूर्ण केलं. पोलीस केस झाली नाही, कोणी त्याला शिवी दिली नाही, फक्त त्याच्या गॅरेजसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या. वर्षभरात तो बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला लागला. आमच्या वडिलांनी गाडी मिलच्या गोदामात ढकलली, वर बारदाना टाकला आणि कुलूप लावलं.

दोन वर्षांपूर्वी, नागपूर सोडून कारध्याला परतल्यावर, तो करडीला आमच्या दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, मोठ्या भाऊची गाडी मी रोडवर आणतो. नाई म्हणू नका."

मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. खोटं बोलणारी पोरं ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं… याला आत्ताच काहून आठवली गाडी? अशा जुन्या गाड्यांचे शौकीन हल्ली गावोगाव फिरतात, त्यातल्या कोणी याला पाठवलं असेल. नाहीतर त्या चाकांत आपली चूक अजून तशीच पडून आहे, ती याला स्वतः मरायच्या आत काढून टाकायची असेल. मी हो म्हटलं, ते त्याला पकडण्यासाठी. कुलपाची किल्ली माझ्याकडे ठेवली. तो आला की गोदाम उघडायचं, समोर खुर्ची टाकून बसायचं आणि निघणाऱ्या प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढायचा, असा माझा नेम झाला.

बारदाना काढला तेव्हा सीटमध्ये उंदरांची चार घरटी निघाली. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं. इंजिन जाम. त्याने प्लग काढून प्रत्येक भोकात तेल सोडलं आणि आठ दिवस हातच लावला नाही. मला तोही डावच वाटला. नवव्या दिवशी त्याने हाताने पुली फिरवली, आणि आत काहीतरी कण्हल्यासारखं होऊन ती बोटभर सरकली. फाटलेल्या टपाला जाळं शिवायच्या सुईने त्याने असे टाके घातले की मी जवळ जाऊन पाहिलं तरी सापडेनात. बाभळीने चेपलेलं नाक त्याने माझ्या खुर्चीसमोरच ठोकून ठोकून सरळ केलं.

मग एके दिवशी त्याने पुढचं डावं चाक उतरवलं. मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तर तो काहीतरी फडक्यात गुंडाळून पिशवीत घालत होता.

"काय लपवून राहिला रे?" मी ओरडलोच.

त्याने फडकं माझ्यापुढे उघडलं. चाकातला ब्रेकचा छोटा सिलेंडर होता, आणि त्यातला तेल अडवणारा रबरी कप.

"हा मी बसवला होता, मास्तर. त्या टायमाले."

"मग घेऊन कुठे चालला?"

"नागपूरले, उस्तादले दाखवाले." तो खाली बसला. "मले तं तो चांगला दिसून राहिला. फाटला नाई, उलटा नाई. पण माह्या डोयावर माहा भरोसा नाई. माह्या फायद्याचं आहे ना, तं त्या डोयाले चांगलंच दिसन."

मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. म्हटलं, मीही येतो, आणि एक नाही, चारही चाकांचे घेऊन चल. आम्ही दोघं एसटीने गेलो, पिशवी माझ्या मांडीवर. उस्ताद म्हणजे सुखदेवने जिथे नोकरी केली तिथला जुना मिस्त्री. त्याने भिंगातून एकेक कप पाहिला. कोणत्या गाडीचे, ते आम्ही सांगितलं नाही. "सब बराबर बैठे हैं. फेल का कोई निशान नहीं," तो म्हणाला. सुखदेव परतताना बसमध्ये खिडकीबाहेर पाहत राहिला. आणि मी? मी मनात म्हटलं, याने त्याला आधीच सांगून ठेवलं असणार.

आठवड्याने मी गुपचूप एकटाच नागपूरला गेलो. उस्तादला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आप भी वही पूछने आए? वो तो कल ही आया था, अकेला. बोला, कहीं मेरा मुँह देखकर तो नहीं बोल दिया?"

त्या दिवशी बसस्टँडवर मी बराच वेळ बसून होतो. अठ्ठावीस वर्षं मी त्याच्यावर संशय घेत होतो, आणि तोही माझ्याच बाजूला उभा राहून स्वतःवर संशय घेत होता.

दुसऱ्या दिवशी गोदामात खुर्ची न टाकता मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, "व्हरांड्यात तुझं नाव पहिल्यांदा मीच घेतलं होतं." तो पाना फिरवत राहिला.

"मालूम आहे. पण तुमी खोटं नाई बोलले. काम तं मी केलंच होतं."

"मग दादाच जोरात चालवत असेल…"

"आता मोठ्या भाऊवर कायले ढकलता? जनावर आलं असन मधात. ते जाऊ द्या. तो पाना द्या इकडे."

मागच्या हिवाळ्यात, कागदपत्रं नव्याने होऊन, गाडी बाहेर निघाली. मी म्हटलं, तू चालव. तो ऐकेना. मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः डावीकडे बसला. धान कापून झालेलं, रस्ता मोकळा. त्या वळणावर मी वेग कमी केला, बाभूळ डाव्या हाताला गेली, आणि मी पाहिलं तर सुखदेवचा उजवा पाय खालच्या चटईवर घट्ट दाबलेला होता, जणू तिथे ब्रेक आहे.

"काहून रे? आपल्या कामावर भरोसा नाही का अजून?"

"कामावर आहे," समोर पाहतच तो म्हणाला. "तुमच्या पायावर नाई."

त्यानंतर दर रविवारी आम्ही निघायचो, आणि दर वळणावर त्याचा पाय दाबला जायचा. परवा मी एकटाच गाडी धुवायला बसलो. डाव्या सीटपुढची नवी चटई झटकायला उचलली. सगळी चटई कोरी आहे, फक्त एका जागी टाचेएवढा खळगा पडलाय. चटई झटकली नाही. तशीच, त्याच जागी, परत बसवली.