लाइटचोर

लाइटचोर काल दुपारी गेला.

लाइटचोर म्हणजे माझा नवरा, सुभाष. हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होते.

मला अजून रडू आलेलं नाही. शेजारणीने आणलेला चहा प्यायले. गोड होता की नाही, सांगता येणार नाही.

हे नाव पडलं नव्वदच्या दशकात, आमच्या सोनलच्या जन्माच्या वेळी.

तेव्हा लिंबायतला राहायचो. ह्यांच्या हॉस्पिटलची नवी बिल्डिंग चढत होती, जुनीचं रिनोव्हेशन चालू होतं. नवं वीज कनेक्शन यायला वेळ होता. तोवर सगळा लोड एका जुन्या लाइनवर. जरा जास्त झालं की फ्यूज उडायचा.

त्यात सोनल सातव्या महिन्यात झाली. तिथेच. काचेच्या पेटीत ठेवलेली.

फ्यूज उडाला की पेटी गार.

आणि हे पोरीजवळ थांबेनात!

खांद्यावर शिडी घेऊन वॉर्डावॉर्डात मोठाले बल्ब काढायचे, ट्यूबलाइट लावायचे. एका बटणावर अख्खा वॉर्ड पेटायचा, तिथे वेगवेगळी बटणं केली. खिडक्यांच्या काचांना कुणी कधी फासलेला रंग ब्लेडने खरवडला, म्हणजे दिवसा लाइट नको.

रिकाम्या खोलीत पंखा दिसला की बंद.

पेशंट गुजरातीत ओरडायचे, "लाइटचोर आव्यो!"

सासूबाई माझ्या खाटेशी बसून कपाळावर हात मारायच्या. "पोर पेटीमा शे आनि हाऊ बल्ब काढत फिरी राहिना!"

मलाही तेच वाटायचं. फार राग आला होता ह्यांचा.

एक दिवस ट्रस्टी शेठ स्वतः आमच्या वॉर्डाच्या दारात. "मारुं एसी कोणे बंद कर्युं?"

हे शिडीवरून उतरले.

"मैंने, शेठ. मेरी लड़की पेटी में है. आपका एसी चलता है तो फ्यूज उड़ता है."

शेठ पेटीकडे एकदा बघून आले आणि वर गेले. मग त्यांच्या केबिनची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, हे दिवसभर काय करत होते ते.

पेटी पुन्हा गार पडली नाही. सोनलचा मुलगा आता शाळेत जातो.

कनेक्शन आलं, बिल्डिंग झाली, पण ह्यांची खोड काही जाईना. घरात माझ्या मागे मागे फिरून बटणं बंद. मी बाथरूममध्ये असतानासुद्धा!

"अहो, मी आत आहे!"

"हो का? सॉरी."

किती भांडले असेन ह्यावरून.

परवा त्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. बोलता येत नव्हतं. भर दुपारी डोक्यावर लाइट. बोट उचलून बटणाकडे दाखवलं. नर्सला वाटलं, पाणी मागतायत.

मी म्हटलं, "वो लाइट बंद करो."

"आंटी, अलग से बंद नहीं होता. सब एक साथ है."

ह्यांना कसं सांगू?

पदर ह्यांच्या डोळ्यांवर धरला. म्हटलं, "केला हो बंद."

बोट खाली गेलं.

आता घर माणसांनी भरलंय. प्रत्येक खोलीत लाइट, पंखे चालू. कुणाचं लक्ष नाही. मघाशी उठून एकेक बंद करून आले.

फक्त ह्यांना ठेवलं होतं तिथला दिवा तेवतोय. दहा दिवस विझू द्यायचा नाही म्हणतात.

श्रद्धांजली बाकीचे लिहितीलच. मला नाही लिहवत.

अहो, हा एक दिवा चालू ठेवायचाय.

पण बंद करायला आलात तरी चालेल.