जाळीचं दार

माझं काम समजावून सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. आईला वाटतं मी नकाशे काढते. नवऱ्याला वाटतं मी नकाशे पुसते, आणि खरं तर त्याचंच बरोबर आहे. इमारतीचं जे ड्रॉइंग येतं त्यात नळाच्या तोट्या असतात, कठड्याची नक्षी असते, दारांच्या बिजागऱ्याही असतात. आग आणि धूर कसा पसरेल हे दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र अख्खी इमारत वीतभर ठोकळ्यांत मोजतं. त्याहून बारीक काही दिलं की ते अडून बसतं. म्हणून तांदूळ निवडावेत तसं मी एकेक खडा काढते. भिंतींच्या सांध्यात फट राहिली असेल तर बुजवते, नाहीतर कॉम्प्युटरमधला धूर नको तिथून निसटतो. सोलापुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मी हे करते, आणि मला ते मनापासून आवडतं.

गेल्या वर्षी एक फाइल आली. सोलापुरातलंच मुलींचं वसतिगृह, तीन मजले, मधे चौक, मागे अरुंद जिना. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. अकरावीपासून चार वर्षं मी तिथं राहिले होते.

नातेपुत्याहून आले तेव्हा पहिले दोन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. शेजारच्या कॉटवर उजनी धरणाच्या काठच्या गावातली एक मुलगी आली, ट्रंकेबरोबर केळ्यांचा घड घेऊन. "खा की. लाजतीस काय? दोन दिसांत काळी पडत्याल," म्हणाली आणि तीन केळी माझ्या मांडीवर टाकली. तेव्हापासून आमचं ताट एक झालं. कडक भाकरी ती मोडायची, चटणीवर तेल मी ओतायचे. तिला सुट्टीत घरी जावंसं वाटायचं नाही आणि मला ती नसताना खोलीत बसवायचं नाही.

ती खो-खो लई भारी खेळायची. हे तिचेच शब्द, पण खोटे नव्हते. सराव पहाटे साडेपाचला आणि आमचं पुढचं दार उघडायचं सातला. मागच्या जिन्याच्या तळाशी लोखंडी जाळीचं दार होतं, त्याला बारा महिने कुलूप. मुली राहतात म्हटल्यावर मागचं दार बंदच हवं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिनं रेक्टरबाईंची चावी तासाभरासाठी पळवली आणि दुसरी करून आणली. मला दाखवली. मग रोज पहाटे ती त्या दारातून जायची आणि पुढचं दार उघडलं की घामाघूम, हसत परत यायची.

मी बाईंना सांगितलं.

नियमाचं मला काही पडलं नव्हतं. ती मला सोडून जाते आणि तिकडून एवढ्या आनंदात येते, हे मला बघवत नव्हतं. वाटलं, बाई चावी घेतील, दोन शब्द बोलतील आणि सकाळी ती पुन्हा माझ्या शेजारी असेल. बाईंनी तिच्या वडलांना बोलावून घेतलं. मोटरसायकलला ट्रंक बांधताना तिनं मला विचारलं, "तू सांगितलंस व्हय?" मी म्हणाले, "न्हाय गं." तिचं शिक्षण तिथंच थांबलं, पुढच्या वर्षी लग्न झालं.

मला पुढे मैत्रिणी मिळाल्या, पण तशी कुणी नाही. वसतिगृहातल्या मुलींचा मोबाइलवर ग्रुप निघाला तेव्हा त्यात तिचाही नंबर आला. मी तो उघडून बघत बसायचे. कधी तिच्या डीपीत धरणाच्या पाण्याचा फोटो असायचा, कधी केळीच्या बागेचा. वीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की तिचा आवाज ऐकावासा वाटला नाही, पण फोन लावायचं धाडस नव्हतं.

तर ती फाइल मी नेहमीच्या सवयीनं साफ केली. आमच्या कामात जाळीचं दार दिसलं की काढून टाकतात. धूर जाळीतून आरपार जातो, सॉफ्टवेअरला ती भोकं मोजता येत नाहीत, मग ठेवायची कशाला? मी त्या दारावर क्लिक केलं आणि पुसलं. हात एकदाही थांबला नाही.

पुण्याहून कॉम्प्युटरवरच्या आगीचा निकाल आला तो बघायला बसले. धूर मधल्या चौकात भरत होता आणि मुली म्हणजे हिरवे ठिपके मागच्या जिन्यानं भराभर उतरत होते, तळाशी पोचून बाहेर पडत होते. सगळ्या वाचल्या. धुराला जाळी अडवत नाही, माणसाला अडवते, आणि ती जाळी मी पुसली होती.

वसतिगृहाला फोन लावला. तिथल्या नव्या बाई म्हणाल्या, "मागचं दार? कुलूप असतंय की. पोरी हायत, उघडं कसं ठेवायचं?"

मग पुण्याच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये तर तो मार्ग मोकळा दाखवलाय. रिपोर्ट उद्या द्यायचाय." मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. दार बंद असतं. मी तिथं राहिलेय." ते म्हणाले, "परत घाला." मी दार परत बसवलं, बंद केलं. या खेपेला ठिपके जिन्याच्या तळाशी आले आणि तिथंच साचत गेले. मला पुढचं बघवलं नाही.

तोच रिपोर्ट गेला. संस्थेनं काही महिन्यांत जाळी काढून आतून ढकललं की उघडेल असं दार बसवलं. तसं पत्र आलं त्याच दुपारी मी तिला फोन लावला. दुसऱ्या कुणाला सांगण्यात मला काही राम वाटेना.

तिनं आवाज लगेच ओळखला. मी सुरुवातीलाच म्हणाले, "तेव्हा बाईंना मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "चावी तुलाच तर दावली हुती."

मग मी तिला जाळीच्या दाराचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पोरगी धाव्वी झाली. अकरावीला सोलापुरात ठेवायची म्हणत्यात. आपल्याच वसतिगृहात घालू का? तू सांगशील तसं."

तिनं मला विचारलं. सगळं ठाऊक असून मला.

"उद्या सांगते," म्हणाले.

पत्रावर माझा विश्वास नव्हता, ड्रॉइंगवर तर नव्हताच. दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी काढून वसतिगृहात गेले. तिसऱ्या मजल्यापासून मागच्या जिन्यानं पायी खाली आले आणि दोन्ही तळहातांनी दार ढकललं. ते उघडलं. बाहेर टळटळीत ऊन होतं. पुन्हा आत जाऊन पुन्हा ढकललं, चार वेळा, आणि तिथूनच फोन केला.

"घाल," म्हटलं. "दर रविवारी मी जाऊन बघत जाईन तिला."

"ते बघशील गं," ती म्हणाली. "पन माज्याकडं कवा येतीस?"

मी पायरीवर बसले. उजनीकडं जाणारी पहिली एसटी किती वाजता असते ते आठवू लागले, आणि पलीकडून ती विचारत राहिली, "अगं, ऐकतीस न्हवं?"