साडेचार फुटांवरचा खिळा

"खोली मोठी दिसाया पायजे असंल, तर तिच्यातनं कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं दाखवावं," रावसाहेब एकदा चहा पिता पिता प्रदीपला म्हणाले होते.

प्रदीप सोलापूर महापालिकेत क्लार्क आणि वस्तीतल्या विहार समितीचा अध्यक्ष. विहार इतकं अरुंद, की रविवारी वंदनेला बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. वाढवायला जागा नव्हती. निदान मोकळं वाटावं म्हणून बाजूची भिंत रंगवायचं ठरलं आणि काम रावसाहेबांकडे आलं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांवर अक्षरं आणि आकडे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. तिथल्या एका साहेबानं टाकून दिलेलं कॅलेंडर त्यांनी तीस वर्षं जपलं होतं. बारा महिने, युरोपातल्या जुन्या चित्रकारांची बारा चित्रं. खालचं बारीक इंग्रजी मुलीनं, बुद्धप्रियानं, शाळेत असताना डिक्शनरी धरून लावून दिलेलं. विझलेली मेणबत्ती म्हणजे सरलेलं आयुष्य. अर्धं सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला छान, तोंडात घेतल्यावर आंबट असं जगणं. आणि काढून ठेवलेली पादत्राणं म्हणजे इथून पुढची जमीन पवित्र. हे मात्र आपल्याला त्यांनी शिकवाया नको, असं म्हणून रावसाहेब हसले होते.

कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीत एकच खिळा ठोकला. त्याला दोरी बांधली, निळीत भिजवली, ताणून सोडली. फरशीची एकेक रेघ खिळ्याकडे पळत गेली. खिळा फार खाली आलाय, असं प्रदीप म्हणाला. त्याच्या तर तो छातीशीच येत होता. रावसाहेबांनी टेप लावला. साडेचार फूट.

"डब्यावरचं अक्षर समद्यांसाठी असतं," ते म्हणाले. "खोली एकाच्याच नजरंनं काढाया लागती."

कुणाच्या, ते प्रदीपनं विचारलं नाही. बायको, मीनाबाई, गेल्या वर्षी गेल्यापासून म्हातारा असं काहीबाही बोलतो, असं त्याला वाटलं. वीस वर्षं रोज पहाटे विहार झाडणारी बाई. तिच्यामागं रावसाहेब इकडे फारसे फिरकलेही नव्हते.

पंधरा दिवसांत भिंतीत लांबच लांब खोली उभी राहिली. खरी शहाबादी फरशी जिथं संपत होती तिथंच रंगातली सुरू झाली, टोकाला खिडकी, खिडकीतून ऊन. उभ्यानं बघताना फरशी जराशी उतरती वाटायची, पण ते चालण्यासारखं होतं. चालण्यासारखं नव्हतं ते अगदी खाली, पहिल्याच फरशीवर काढलेलं. बायकी चपलांचा जोड.

विहारात चपला म्हणजे काय, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, असं प्रदीप चारचौघांत बोलला. पौर्णिमेच्या आत त्यावर फरशीचा रंग मारा, म्हणाला. रावसाहेब "बरं" म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी, रंगातल्या चपला एव्हाना बुजल्या असतील असं धरून प्रदीप आला, तर भिंतीशी चपला. कुणीतरी बाई आतपर्यंत चपला घालून आली, असं पुटपुटत तो तरातरा गेला आणि उचलायला वाकला. बोटं गिलाव्यावर आपटली.

सतरंजी अंथरणारी चंद्रव्वा हसली. मैंदर्गीकडून या वस्तीत नांदायला आलेली, मीनाबाईची जोडीदारीण. "अध्यक्ष, त्या उचलायच्या न्हाईत. मीनाबाईच्या हायत की. डावीचा अंगठा तिनं लाल दोऱ्यानं शिवला हुता, माज्यासमोर."

लाल दोरा होता. प्रदीप वाकलेलाच राहिला. तिथून फरशी उतरती नव्हती. सरळ, सपाट, ती खिडकीपर्यंत गेली होती, नुकतीच झाडल्यासारखी. तो उभा राहिला, खोली कलली. तो परत वाकला. मीनाबाई जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची.

कोपऱ्यात रावसाहेब हातात रंगाचा डबा घेऊन उभे होते. झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

"द्या इकडं, काका," प्रदीप म्हणाला. "राहू द्या त्या."

त्यांनी डबा दिला. निळीची दोरी बोटांवर गुंडाळून खिशात टाकली. दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगातून आपला जोड पायानंच ओढला, आणि निघून गेले.